बीजगणिताची भरती

जगात कुठलीही गोष्ट निवडायची असेल तर आधी तिची रीतसर भरती काढावी लागते, यावर आमच्या थोरल्या साडूंची जेवढी श्रद्धा आहे तेवढी अक्कांची आपल्या देव्हाऱ्यावरही नसेल. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, या अक्कांचे, यजमान. फौजेत सुभेदार होते. निवृत्त होऊन साताऱ्यात गोडोलीला घर बांधलं त्याला बरीच वर्षं झाली, पण आपण निवृत्त झालो ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. त्यांची मिशी तर आजही नोकरीतच आहे. सकाळी दूधवाल्याला उशीर झाला तर त्याला कारण विचारलं जातं, आणि गंमत म्हणजे तो बिचारा ते सांगतोही. एकदा अक्कांना नवा कुकर घ्यायचा होता म्हणून आम्ही सगळे मोती चौकातल्या एका दुकानात गेलो. साडूंनी दुकानातले सगळे कुकर फळीवरून खाली उतरवायला लावले, उंचीप्रमाणे एका रांगेत उभे केले आणि हात पाठीमागे बांधून त्यांच्यासमोरून दोन फेऱ्या मारल्या. एका कुकरपाशी थांबून म्हणाले, "ह्याची शिट्टी तिरकी बसती. आळशी हाय ह्यो." मला वाटलं दुकानदार आता आम्हाला हाकलणार. पण दुकानदारही माजी सैनिकच निघाला. साताऱ्यात हे असं निघतंच. तो कुकरांच्या शेजारी सावधान उभा राहिला होता. कुकर मात्र चांगला लागला हे कबूल केलं पाहिजे.

जावईसुद्धा त्यांनी असाच भरती करून घेतला. मुलगा सांगलीचा, बँकेत नोकरीला, शिकलेला, दिसायला नीटस. पाहण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले, चहा झाला, आणि साडू उठून म्हणाले, "पाव्हणं, जरा वर जाऊन येऊ." वर म्हणजे अजिंक्यताऱ्यावर. मुलाच्या पायांत नवे कोरे काळे बूट होते आणि उन्हं डोक्यावर होती. मी मध्ये पडून म्हटलं, "अहो सुभेदार, तो क्लार्कच्या भरतीला आलाय, कमांडोच्या नव्हे." पण ऐकतंय कोण? दोघं गेले आणि बऱ्याच वेळाने परतले. मुलगा लंगडत होता, टाय खिशात गेला होता, तोंडाचा टोमॅटो झाला होता. साडूंनी अंगणातूनच जाहीर केलं, "फिट हाय." नंतर मी त्यांना विचारलं, की त्या पोराला धाप लागलेली असताना हा निकाल दिलात कसा? तर म्हणाले, "आवं दम तर कुनालाबी लागतो. पर वर जाताना माझी पान्याची बाटली त्यानं मागून घेतली आन् शेवटपतुर सोडली न्हाई." अशा वेळी या माणसाचं काय करावं ते कळत नाही. माझ्याबाबत मात्र त्यांना भरती काढता आली नाही, कारण ते तेव्हा सीमेवर होते आणि मी इकडे त्यांच्या मेहुणीशी लग्न करून मोकळाही झालो होतो. मागच्या दाराने आत घुसलेला माणूस म्हणून ते आजही माझ्याकडे पाहतात, आणि मी सोफ्यावर जरा ऐसपैस बसलो की त्यांच्या मिशीचं एक टोक हलतं.

तर अशा माणसाच्या वाट्याला नातीसाठी बीजगणिताचं पुस्तक निवडण्याचं काम आलं. हे काम त्यांच्याकडे यावं हा एक विनोदच होता, कारण बीजगणिताशी त्यांचं जुनं वैर. "मॅट्रिकला बीजगनितात गचकलो, तितनं जो पळत सुटलो त्यो डायरेक्ट भरतीच्या मैदानावर," असं ते स्वतःच सांगतात आणि मोठ्याने हसतात. पण झालं असं. त्यांची लेक सांगलीत एका दवाखान्यात नर्स आहे, आणि तिची मुलगी ऋतुजा, म्हणजे आमची सगळ्यांची रुतू, तिथेच शाळेत होती. सहावीत पोरगी टायफॉइडने आडवी झाली, खूप शाळा बुडाली, आणि सातवीत गेली तेव्हा वर्गात अक्षरं आणि आकडे एकमेकांत मिसळून गेलेले. मग रोज सकाळी तिच्या पोटात दुखायला लागलं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, कुणी नजर उतरवली, कुणी ओवा दिला. शेवटी साडू साताऱ्याहून आले, आठवडाभर सांगलीत मुक्काम ठोकला आणि निदान सांगितलं, "रविवारी दुखत न्हाई. म्हंजी दुखनं पोटाचं न्हाई, गनिताचं हाय." मग ते शाळेत गेले. गणिताचे सर भले होते, दमलेले होते, त्यांच्या वर्गात खच्चून पोरं होती. ते म्हणाले, "आजोबा, मुलीचा पाया कच्चा आहे." साडू म्हणाले, "पाया कच्चा हाय हे ठावं हाय, तर वरच्या मजल्यावर कशापायी उभी केलीया तिला?" साडूंनी घरी येऊन रुतूची बॅग भरली आणि तिला घेऊन साताऱ्याची एसटी धरली. यापुढे शिक्षण घरी.

जावयाला हे पसंत नव्हतं. बँकेतला माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीची मुदत लागते. त्याने गोडोलीला येऊन आम्हा सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं की मे महिन्यात शाळा बाहेरून येणाऱ्या मुलांची परीक्षा घेते, तिच्यात गणित सुटलं तर रुतू आठवीत, नाहीतर पुन्हा सातवीत. हे बोलणं चाललं होतं तेव्हा रुतू दाराआड उभी होती. पुन्हा सातवी म्हणजे मैत्रिणी पुढच्या वर्गात आणि आपण धाकट्या पोरींच्यात एकट्याच, हे तिच्या चेहऱ्यावर मी वाचलं. इतका वेळ जी गोष्ट मला गमतीची वाटत होती ती तेवढ्यापुरती गमतीची राहिली नाही. मराठी, इतिहास, विज्ञान या बाबतीत पोरगी हुशार होती, तिचं तिने वाचलं असतं. अडलं होतं ते बीजगणिताशी. साडू म्हणाले, "त्याची काळजी करू नगा. लय कडक पुस्तक निवडतो." हे ऐकून अक्कांनी कपाळाला हात लावला, कारण निवडणं म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं.

भरती निघाली. आम्ही सांगलीत राहतो, म्हणून मला फोन आला, "पाव्हणं, सांगलीत जेवढी बीजगनितं असतील तेवढी धाडा." मी शिळी-ताजी मिळतील ती पुस्तकं गोळा करून एसटीच्या कंडक्टरकडे दिली. लेकीने इंटरनेटवर शोधून घरी शिकणाऱ्या मुलांसाठीचा एक परदेशी अभ्यासक्रम काढला. त्याच्या छापील पानांचा गठ्ठा झाला तो विटेएवढा जाड. सरकारी पुस्तक आलं, दिल्लीकडचं पुस्तक आलं, गाईडं आली, कुणाच्या तरी माळ्यावरचं वाळवीने कोपरे कुरतडलेलं जुनं बीजगणित आलं, आणि मोबाईलवर गणित शिकवणारा एक पोरगाही उमेदवार म्हणून दाखल झाला. साडूंनी प्रत्येकाच्या छातीवर, म्हणजे कव्हरवर, कागद चिकटवून नंबर घातला आणि सगळ्यांना ओटीवर रांगेत उभं केलं. अक्का म्हणाल्या, "आवं, पापड वाळत घालायची जागा हाय ती." साडू म्हणाले, "पापड न्हाई घातलं तर आठवीचं काय अडतंय व्हय?" त्या वर्षी त्या घरात पापड झाले नाहीत.

पहिली वैद्यकीय चाचणी. पुस्तक उघडून मधोमध दाबायचं. पाठीचा कणा मोडला तर अनफिट. अर्धी गाईडं इथेच गळाली. मग चारित्र्य. पुस्तकाच्या शेवटी दिलेली उत्तरं खरी आहेत का ते पाहायचं. एका झकपक पुस्तकातली उत्तरं खोटी निघाली तेव्हा साडूंनी ते दोन बोटांत धरून रद्दीत टाकलं. म्हणाले, "चुकलेला जवान चालंल, खोटं बोलनारा न्हाई चालायचा." दुसऱ्या एका पुस्तकात पहिल्याच पानावर एक जिराफ हसत हसत सांगत होता की बीजगणित म्हणजे नुसती मजा. त्याला पुढचं पान उघडायच्या आतच घरी पाठवण्यात आलं. "जे लय मजा हाय म्हनून वरडून सांगत्यात त्यांच्यापासून जपून ऱ्हायचं. आमालाबी भरतीत असंच सांगितलं हुतं," असं त्यांचं मत पडलं. परदेशी गठ्ठ्यातली गणितं कडक होती, आवडली होती, पण त्यातले दोघे जण सारखे हिरवळ कापत होते. एकाला इतके तास, दुसऱ्याला तितके तास, दोघांना मिळून किती. साडूंना राहवेना. "पाव्हणं, ही मान्सं गवत कापत्यात आन् जनावरांना घालत न्हाईत, मग कापत्यात कशापायी?" मी सांगितलं, शोभेसाठी. त्यावर गठ्ठ्याला त्यांनी राखीव यादीत टाकलं. मोबाईलवरच्या पोराचं वेगळंच झालं. तो प्रश्न विचारायचा, साडू खुर्चीतून ताडकन उठून उत्तर द्यायचे, आणि तोवर तो पुढच्या प्रश्नावर गेलेला असायचा. "ह्यो इचारतो आन् थांबत न्हाई. असल्या मान्साच्या हाताखाली पोरगी द्यायची न्हाई." झालं, तोही गेला.

आता यातून एक-दोन पुस्तकं उरली असती आणि काम संपलं असतं. पण साडूंचा एक जुना नियम आडवा आला. ज्या वाटेने आपण स्वतः चाललो नाही त्या वाटेने जवानाला पाठवायचं नाही. म्हणजे, रुतूच्या हातात पुस्तक देण्याआधी त्यातली सगळी उदाहरणं स्वतः सोडवून बघायची. सगळी, पहिल्यापासून शेवटपर्यंत! ज्या माणसाला बीजगणिताने मॅट्रिकच्या उंबऱ्यावरून पळवून लावलं होतं तो माणूस सत्तरी जवळ आलेली असताना पाटी आणि खडू घेऊन ओटीवर मांडी घालून बसला. वही का नको म्हणाल, तर "लढाईत खोडत बसायला येळ नसतो, पुसायचं आन् पुढं जायाचं." आणि आपण सोडवलेलं बरोबर का चूक हे आपणच कसं ठरवायचं, म्हणून त्यांनी रुतूला परीक्षक नेमलं. तिला खुर्ची दिली, लाल खडू दिला आणि बजावलं, "तुझा अभ्यास आजून चालू न्हाई झाला. भरती चालू हाय. तू फकस्त माझ्या चुका काडायच्या."

क्ष या अक्षराला ते 'बेपत्ता' म्हणायचे. बेपत्ता जवानाच्या आसपासची बाकीची गर्दी पलीकडे हलवायची, तो एकटा उरला की त्याला नाव विचारायचं, अशी त्यांची समीकरणाची एकूण समजूत. समजूत वाईट नव्हती. पण कंस आला की त्यांचं घोडं पेंड खायचं. कंसाच्या बाहेर वजा चिन्ह असेल तर आतल्या सगळ्यांची चिन्हं बदलायची, हे त्यांना पटत असे, समजत असे, आणि तरी ते पहिल्याचं चिन्ह बदलून दुसऱ्याला विसरून पुढे निघून जात. रुतू सुरुवातीला भीत भीत लाल खूण करायची. मग धीट झाली. मी एकदा फोन केला तर मागून तिचा आवाज ऐकू येत होता, "आबा, कितींदा सांगायचं? वजा आत गेला की सगळ्यांना शिवतो! एकट्याला नाही!" आणि साडूंचा पडेल आवाज, "व्हय साहेब." ज्या माणसासमोर दूधवाला कापतो तो माणूस 'व्हय साहेब' म्हणत होता. मी फोन कानाला तसाच धरून ऐकत राहिलो.

इकडे दिवस निघून चालले होते. होळी झाली, गुढीपाडवा झाला, आणि पुस्तक काही ठरलं नव्हतं. जावयाचा पारा चढला. मी साडू पडतो म्हणून मला वकील करून पाठवण्यात आलं. मी भडंगाचा पुडा घेऊन सांगलीहून निघालो आणि इस्लामपूर, कराड करत उन्हातून गोडोलीला पोचलो. ओटीवर शेवटचे दोन उमेदवार भिंतीला टेकून उभे होते, एक सरकारी आणि एक वाळवी लागलेलं. रुतू खुर्चीत, साडू खाली बसलेले, समोर पाटी. मी चप्पल काढत असतानाच पोरगी म्हणाली, "सांगलीआजोबा, दोन मिनिटं थांबा. आबा परत चुकलेत." मी थांबलो. चूक निघाली, ती दुरुस्त झाली, मग मला पाणी मिळालं. मी म्हटलं, "सुभेदार, परीक्षा तोंडावर आली. दोन्हींपैकी कुठलंही एक उचला आणि पोरीचा अभ्यास सुरू करा."

"असं कुठलंबी उचलून चालत न्हाई, पाव्हणं. घाईनं भरती केलेला गडी येळेवर पाय लावून पळतो."

"मग कधी ठरणार?"

"ह्याचं शेवटचं प्रकरन ऱ्हायलंय माझं. त्येवढं झालं की सांगतो."

"तुमची प्रकरणं संपेपर्यंत तिची परीक्षा होऊन जाईल!"

अक्का आतून म्हणाल्या, "आवं, ते बरोबर सांगत्यात. पोरीचं वरीस जायाचं तुमच्या ह्या नादापायी." साडूंनी खडू उचलला आणि पुढचं उदाहरण उतरवून घेतलं. मी भरलं वांगं आणि भाकरी खाऊन, हात हलवत सांगलीला परत आलो. घरी बायकोने विचारलं, काय झालं? मी सांगितलं, जेवण चांगलं झालं. त्यावर तिने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि खरंच, परीक्षेचा दिवस उजाडला तरी पुस्तक ठरलं नव्हतं. साडू रुतूला घेऊन आदल्या दिवशी सांगलीला आले. सकाळी मी त्यांना शाळेत सोडायला गेलो. वाटेत रिक्षात रुतू माझ्या कानाशी लागून म्हणाली, "सांगलीआजोबा, माझा तर अभ्यासच सुरू नाही झाला. पुस्तकच ठरलं नाही. मी लिहू काय?" मी म्हटलं, "येईल तेवढं लिही." ती आत गेली. साडू शाळेबाहेर गुलमोहराखालच्या कट्ट्यावर बसले. सांगलीचा मे महिना, आणि या माणसाने पलटणीचा निळा कोट घातला होता, छातीवर पदकं. घामाने कॉलर भिजली होती. मी म्हटलं, कोट तरी काढा. ऐकलं नाही. शाळेच्या फाटकाकडे बघता बघता एकदम म्हणाले, "पाव्हणं, चुकलंच माझं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. मिशी खाली आली होती.

"तवाच कुठलं तरी पुस्तक उचलायला हवं हुतं. मला भ्या वाटत हुतं. वंगाळ पुस्तक दिलं आन् पोरगी माझ्यासारखी पळाली तर? म्या पळालो, मला फौजेनं घेतलं. ती पळाली तर कुठं जाईल? म्हनून निवडतच बसलो. पोरीचं वरीस खाल्लं म्या."

इतकी वर्षं मी त्यांची थट्टा करत आलो, पण त्या दिवशी थट्टा बाजूला ठेवली. मी समोरच्या गाड्यावरून दोन ताकं आणली. त्यांनी ग्लास हातात घेतला आणि तो तसाच हातात राहिला. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली, हे सांगून टाकतो.

घंटा झाली, पोरं बाहेर आली. रुतू सगळ्यात शेवटी, सावकाश आली. साडू उठून उभे राहिले, अगदी सावधान. तिच्या चेहऱ्यावर काही विचित्रच भाव होता. हसावं की नाही हे न ठरलेला. ती म्हणाली, "आबा, पेपरात सगळ्या तुमच्याच चुका होत्या."

"म्हंजी?"

"म्हणजे तुम्ही जिथं जिथं चुकता ना, तसलीच सगळी गणितं. कंसाबाहेर वजा. दोन्हीकडे बेपत्ता. तुमचा तो अपूर्णांकाचा घोटाळा. मला प्रत्येक ठिकाणी माहीत होतं, आबा इथं घसरणार. मग मी तिथं नाही घसरले."

साडूंना ते समजायला थोडा वेळ लागला. मलाही लागला. ओटीवर रांगेत उभी असलेली ती सगळी पुस्तकं या पोरीने त्यांच्या मागोमाग, लाल खडूने, चालून पार केली होती. दुसऱ्याची चूक शोधायला भीती वाटत नाही. आपली चूक होईल याचीच तिला भीती होती, आणि तिथे चुकायचं काम आबांनी स्वतःकडे घेतलं होतं. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "सुभेदार, खरं सांगा, ही युक्ती होती काय?" त्यांनी घाम पुसला. "कसली युक्ती वं? पुस्तक खरंच ठरंना." मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, ते खरंच बोलत होते. मग त्यांनी ताक एका घोटात संपवलं आणि आणखी एक मागवलं.

रुतू पास झाली, आणि तीही चांगल्या मार्कांनी. जावयाने सासऱ्यांना वाकून नमस्कार केला. मुहूर्त पाहून पेढे वाटले, साताऱ्याचे कंदी, आणि त्या पेढ्यांच्या गडबडीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती ती जूनमध्ये आली. आठवीत बसली म्हणजे पोरगी सांगलीला गेली. तिला पुढे पाठवण्यासाठीच तर सगळा खटाटोप होता, पण पुढे म्हणजे गोडोलीच्या ओटीवरून दूर, हे साडूंनी धरलेलंच नव्हतं. तिला पोचवून ते परत गेले. अक्कांचा माझ्या बायकोला फोन आला, "पोरगी गेली, आता पुस्तकं उचला म्हनलं तर उचलू देत न्हाईत. म्हनत्यात, भरती आजून संपली न्हाई. पाटी घेऊन एकटंच बसत्यात. खुर्ची मातुर समोर मांडून ठेवत्यात." अक्कांनी पापडाचं नाव काढलं नाही तेव्हाच मी समजलो.

मग एक नवी रीत सुरू झाली. साडू पाटीवर एक उदाहरण सोडवतात, मोबाईलवर पाटीचा फोटो काढतात आणि रविवारी सकाळी रुतूला पाठवतात. चुकलं असेल तर रुतू फोन करते आणि चांगली खरडपट्टी काढते. बरोबर असेल तर नुसता अंगठा पाठवते, कारण आठवीतल्या मुलीला क्लास असतात, मैत्रिणी असतात, आणि ते तसंच असायला हवं. साडू रविवारी माझ्याशीही बोलतात. म्हणतात, "पोरगी लय कडक तपासती, पाव्हणं. एक चूक सोडत न्हाई." आणि त्यांच्या सारख्या चुका होतात. मी एकदा रुतूला म्हटलंसुद्धा, की एवढं सगळं करून तुझ्या आबांना तो वजा काही येत नाही बघ.

रुतू माझ्याकडे बघून हसली. तिने मोबाईल काढला, त्या दिवशीचा फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा करून माझ्यासमोर धरला. "नीट बघा, सांगलीआजोबा." पाटीवर कंस सुटला होता आणि दुसऱ्या पदापुढे वजाचं चिन्ह होतं, अर्थात तिथे अधिक हवं होतं. पण त्या वजाच्या वर-खाली एका उभ्या रेघेची पुसट खूण होती आणि तिच्यावरून बोट फिरल्याचा पांढुरका डाग. आधी अधिकच लिहिलं होतं. नंतर उभी रेघ बोटाने पुसून टाकली होती. रुतू म्हणाली, "आणि खालचं उत्तर बघा. ते बरोबरच आहे. ते बदलायचं विसरलेत."

मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "मग तू काय केलंस?"

"काय करणार? फोन केला आणि ओरडले. आबा, कितींदा सांगायचं म्हणून." ती मोबाईलकडे बघत राहिली. "अर्धा तास ओरडले. मग आजीने काय केलंय जेवायला ते विचारलं."

संध्याकाळी नेहमीप्रमाणे साडूंचा फोन आला. आवाजात पुन्हा तो जुना करारीपणा होता. नातीने आज कशी खरडपट्टी काढली ते त्यांनी मला अगदी रंगवून सांगितलं. मी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "पुस्तक आजून ठरलं न्हाई बरं का, पाव्हणं. भरती चालूच हाय."

मी म्हटलं, "चालू राहू द्या, सुभेदार. घाई काय आहे?"